पेनड्राइव्हवर लाइव्ह ऑपरेटिंग सिस्टीम बसवताना

लाइव्ह, म्हणजे हार्ड डिस्कवर इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीमचा पेनड्राइव्ह पहिल्यांदाच तयार करणाऱ्या बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. आयएसओ फाइल डाउनलोड केली जाते, इतर कोणत्याही फाइलप्रमाणे ती पेनड्राइव्हवर कॉपी केली जाते, संगणक रीस्टार्ट होतो आणि समोर पुन्हा नेहमीचीच सिस्टीम उघडते. अशा वेळी फाइल खराब आहे किंवा पेनड्राइव्ह बिघडला आहे असे वाटू लागते, पण दोष दोघांचाही नसतो. आयएसओ फाइल म्हणजे एका संपूर्ण डिस्कचा ठसा असतो. सिस्टीम सुरू करून देणारा बूटलोडर कोणत्या जागी आहे, डिस्कच्या विभागांची म्हणजे पार्टिशनची नोंद कोठे आहे, सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल कोणत्या फोल्डरात आहे, हे सगळे त्या ठशात आधीच ठरलेले असते आणि तो ठसा पेनड्राइव्हवर पहिल्या बाइटपासून उमटला, तरच संगणक चालू होताच सर्वांत आधी धावणारे फर्मवेअर त्याला बूट होण्याजोगी डिस्क म्हणून ओळखते. नुसती कॉपी केली तर पेनड्राइव्हवर एक मोठी फाइल तेवढी येऊन पडते आणि फर्मवेअरला तिच्या आत डोकावता येत नाही.

आयएसओ ९६६० हा प्रकार मुळात सीडीसाठी ठरवला गेला होता. त्यात सुरुवातीचे ३२ किलोबाइट मोकळे सोडण्याची सोय आहे. लिनक्सच्या वितरणांनी, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधलेल्या तयार आवृत्त्यांनी, या मोकळ्या जागेचा उपयोग करून तेथे हार्ड डिस्कला लागतो तसा बूट सेक्टर बसवला, आणि त्यामुळे तीच फाइल सीडीवरही चालते व जशीच्या तशी पेनड्राइव्हवर लिहिली तरीही चालते. अशा फाइलला हायब्रिड आयएसओ म्हणतात. उबंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्स मिंट यांच्या लाइव्ह आयएसओ या प्रकारच्या आहेत. विंडोजची आयएसओ मात्र अशी नसते, म्हणून तिचा पेनड्राइव्ह करण्याची रीत वेगळी आहे आणि या लेखात ती घेतलेली नाही.

लाइव्ह म्हणजे नेमके काय

हार्ड डिस्कवर इन्स्टॉल न करता थेट चालणारी ही कल्पना क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली आणलेल्या क्नॉपिक्समुळे सर्वदूर पोहोचली, आणि आज जवळपास प्रत्येक मोठ्या लिनक्स वितरणाची लाइव्ह आवृत्ती मिळते. तिची रचना एकदा समजून घेतली, की पुढचे कितीतरी प्रश्न पडतच नाहीत. पेनड्राइव्हवर संपूर्ण सिस्टीम सहसा स्क्वॉशएफएस नावाच्या दाबून बसवलेल्या स्वरूपात एकाच मोठ्या फाइलमध्ये असते, आणि ही फाइल केवळ वाचता येते. सिस्टीम सुरू होताना तिच्यावर रॅममधला एक कोरा थर अंथरला जातो. तुम्ही एखादी सेटिंग बदलली, एखादा प्रोग्रॅम टाकला, डेस्कटॉपवर एखादे पत्र लिहून ठेवले, की ते सारे त्या वरच्या थरात जाते, खालच्या फाइलला धक्का लागत नाही. संगणक बंद झाला की रॅममधला थर नाहीसा होतो आणि पुढच्या वेळी सिस्टीम पहिल्या दिवसासारखी स्वच्छ उभी राहते.

लाइव्ह पेनड्राइव्हचे बळ याच रचनेत आहे. अनोळखी संगणकावर काम करून उठताना तेथे काही मागे राहत नाही, हार्ड डिस्कवरची बिघडलेली सिस्टीम बाजूला ठेवून आतल्या फाइली वाचवता येतात, आणि नवी सिस्टीम इन्स्टॉल करण्याआधी वायफाय, आवाज, टचपॅड नीट चालतात की नाही हे पाहून घेता येते. नवख्यांना फटका बसतो तोही याच रचनेमुळे. तासभर खपून तयार केलेला मजकूर लाइव्ह सिस्टीमच्या डेस्कटॉपवर ठेवून संगणक बंद केला, तर तो परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो. काम टिकवायचे असेल तर ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर मुद्दाम नेऊन ठेवावे लागते, किंवा पेनड्राइव्हवर टिकाऊ जागा राखावी लागते. त्या जागेबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

पेनड्राइव्ह आणि आयएसओची निवड

पेनड्राइव्ह कमीत कमी ८ जीबीचा असावा. उबंटू २४.०४ ची डेस्कटॉप आयएसओच ५ जीबीच्या वर जाते, त्यामुळे ४ जीबीचे जुने पेनड्राइव्ह आता फक्त लहान आयएसओ असलेल्या वितरणांच्या कामाचे उरले आहेत. टिकाऊ जागा हवी असेल तर १६ किंवा ३२ जीबीचा घ्यावा. मात्र आकाराहूनही जास्त फरक पडतो तो वेगाने. लाइव्ह सिस्टीम चालू असताना प्रत्येक प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरूनच वाचला जातो. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिटची आहे, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिटची, आणि प्रत्यक्षात यातला बराचसा वेग कमी होत असला तरी ब्राउझर उघडायला लागणाऱ्या वेळात हा फरक स्पष्ट जाणवतो. पेनड्राइव्ह ३.० चा असून तो २.० च्या खाचेत लावला तर त्या वेगाचा काही उपयोग होत नाही, म्हणून खाच पाहूनच लावावा.

पेनड्राइव्ह नवा असेल आणि त्याच्या खरेपणाबद्दल थोडी जरी शंका असेल, तर आधी त्याची क्षमता तपासावी. आवरणावर ६४ जीबी लिहिलेले असते, संगणकही ६४ जीबीच दाखवतो, पण आतली चिप ८ जीबीची असते, असे बनावट पेनड्राइव्ह बाजारात असतात. त्यांवर लिहिताना कोणतीही तक्रार येत नाही. पुढचा भाग वाचायला गेल्यावरच तो हरवल्याचे कळते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही साधने संपूर्ण पेनड्राइव्ह लिहून आणि पुन्हा वाचून खरी क्षमता सांगतात. याला वेळ लागतो, पण तो सत्कारणी लागतो.

आयएसओ निवडताना प्रोसेसरकडे लक्ष द्यावे. इंटेल किंवा एएमडीच्या अलीकडच्या कोणत्याही संगणकासाठी ६४ बिटची, एएमडी६४ किंवा एक्स८६-६४ असे नाव असलेली फाइल लागते. एएमडी६४ या नावातले एएमडी पाहून इंटेलवाल्यांनी दचकू नये, ती दोघांसाठी एकच आहे. एआरएम६४ लिहिलेली फाइल त्या संगणकांवर चालणार नाही. फार जुना, ३२ बिटचा संगणक असेल तर पर्याय आता मोजके आहेत, कारण उबंटूने ३२ बिटची डेस्कटॉप आयएसओ १७.१० पासून बंद केली आणि इतरांनीही हळूहळू तीच वाट धरली.

डाउनलोड केलेली फाइल तपासणे

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि माझ्या मते ती कधीही वगळू नये. आयएसओच्या शेजारी एसएचए२५६ चेकसम दिलेला असतो. ६४ अंक-अक्षरांची ही ओळ म्हणजे त्या फाइलच्या बोटांचा ठसा असतो, आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पूर्णपणे वेगळी येते. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश, लिनक्सवर एसएचए२५६सम आणि मॅकवर शासम -a 256 ही आज्ञा फाइलच्या नावासह दिली, की थोड्या वेळात ही ओळ मिळते. नुसती सुरुवातीची चार अक्षरे जुळवून समाधान मानू नये. दोन्ही ओळी एकाखाली एक चिकटवून संपूर्ण ताडून पाहाव्यात.

चेकसम जुळला म्हणजे डाउनलोड वाटेत बिघडलेले नाही एवढे सिद्ध होते. पण जेथून फाइल आली तेथेच कोणी घुसखोरी केली असेल तर? २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर असेच घडले. घुसखोराने डाउनलोडचा दुवा बदलून चोरदरवाजा बसवलेल्या आयएसओकडे वळवला आणि त्या दिवशी मिंट १७.३ ची सिनॅमन आवृत्ती घेणाऱ्यांच्या हाती ती दूषित फाइल पडली. ज्या संकेतस्थळावरची फाइल बदलता येते, तेथे छापलेला चेकसमही बदलता येतोच. म्हणून चेकसमच्या यादीवर जीपीजी या कूटलेखनाच्या साधनाने डिजिटल सही दिलेली असते, आणि ती करणारी गुप्त किल्ली त्या सर्व्हरवर ठेवलेली नसते. ज्या पेनड्राइव्हवरून बँकेचे व्यवहार किंवा गोपनीय काम करायचे आहे, त्यासाठी सहीसुद्धा तपासून घ्यावी. निव्वळ सिस्टीम पाहण्यापुरते काम असेल तर चेकसमवर थांबले तरी चालेल, पण तो तरी तपासावाच.

पेनड्राइव्हवर लिहिणे

पेनड्राइव्हवर जे काही आहे ते सगळे पुसले जाणार आहे, हे गृहीत धरूनच पुढे जावे. कामाचे असेल ते आधीच दुसरीकडे हलवावे.

विंडोजवर रूफस हे छोटे आणि चोख साधन आहे. वरच्या रकान्यात पेनड्राइव्ह निवडावा, सिलेक्ट दाबून आयएसओ दाखवावी आणि पार्टिशन स्कीमकडे पाहावे. बहुतेक संगणकांचे फर्मवेअर यूईएफआय या नव्या प्रकारचे असल्यामुळे जीपीटी हा पर्याय योग्य ठरतो. बायोस या जुन्या फर्मवेअरच्या संगणकावरही चालवायचे असेल तर एमबीआर निवडावा. स्टार्ट दाबल्यावर हायब्रिड आयएसओ असेल तर रूफस एक प्रश्न विचारतो, की आयएसओ इमेज पद्धतीने लिहायचे की डीडी इमेज पद्धतीने. पहिल्या पद्धतीत पेनड्राइव्ह फॉरमॅट होऊन आयएसओच्या आतल्या फाइली त्यावर उतरवल्या जातात आणि बूटलोडर वेगळा बसवला जातो, त्यामुळे उरलेली जागा वापरता येते. दुसऱ्या पद्धतीत ठसा जसाच्या तसा उमटतो. पहिली पद्धत सुचवलेली असते आणि सहसा तीच घ्यावी, पण तिने तयार केलेला पेनड्राइव्ह बूट होताना अडला, तर फार शोधाशोध न करता दुसऱ्या पद्धतीने पुन्हा लिहावा. बऱ्याच वेळा तेवढ्याने काम होते.

बलेनाएचर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि त्यात फाइल, डिस्क, फ्लॅश एवढेच तीन टप्पे असतात. लिहून झाल्यावर ते सगळे पुन्हा वाचून पडताळते, हा त्याचा खरा गुण आहे. ही पडताळणी कंटाळून मध्येच सोडू नये, कारण मरणपंथाला लागलेला पेनड्राइव्ह तेथेच उघडा पडतो.

लिनक्सवर नोम डिस्क्स या प्रोग्रॅममध्ये पेनड्राइव्ह निवडून मेन्यूतले रिस्टोर डिस्क इमेज वापरले तरी तेच काम होते. टर्मिनलची सवय असणारे डीडी वापरतात. डीडी अतिशय आज्ञाधारक आहे आणि धोका नेमका त्यातच आहे, कारण ते काहीही विचारत नाही. आधी एलएसबीएलके ही आज्ञा द्यावी. समोर डिस्कची यादी येते. ५०० जीबीची हार्ड डिस्क तेथे ४६५.८जी अशी दिसते आणि १६ जीबीचा पेनड्राइव्ह १४.९जी किंवा थोडा कमी दिसतो, कारण कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि ही आज्ञा १०२४ च्या पटीत. आरएम या रकान्यात १ असेल तर ती काढता येणारी डिस्क असते. एवढ्यावर खात्री होत नसेल तर पेनड्राइव्ह काढून आज्ञा पुन्हा द्यावी आणि कोणती ओळ नाहीशी झाली ते पाहावे. यासारखी पक्की खूण दुसरी नाही.

समजा पेनड्राइव्ह एसडीबी आहे. त्याची पार्टिशन आपोआप माउंट झालेली, म्हणजे वापरासाठी उघडलेली, असतील तर ती अनमाउंट करावीत आणि मग डीडीला चार गोष्टी सांगाव्यात. आयएफ या शब्दापुढे आयएसओचा मार्ग द्यावा, ओएफपुढे संपूर्ण डिस्कचे नाव (/dev/sdb असे) द्यावे, बीएसपुढे ४एम म्हणजे एका वेळी किती डेटा उचलायचा ते, आणि स्टेटसपुढे प्रोग्रेस. कॉन्वपुढे एफसिंक जोडणेही आवश्यक आहे. टर्मिनलमध्ये हे सारे रोमन अक्षरांतच टाइप करायचे असते. ओएफमध्ये एसडीबी लिहायचे, एसडीबी१ लिहायचे नाही. शेवटी १ लावला तर ठसा पहिल्या पार्टिशनच्या आत उमटतो, डिस्कच्या सुरुवातीला बूट सेक्टर येतच नाही आणि पेनड्राइव्ह बूट होत नाही. एफसिंक का, याचेही कारण सांगतो. लिनक्स लिहिण्याचा डेटा आधी रॅममध्ये साठवून ठेवतो, त्यामुळे काही सेकंदांतच पूर्ण आकडा समोर येतो आणि त्यानंतर कर्सर नुसता लुकलुकत राहतो. काम अडकले असे समजून याच क्षणी पेनड्राइव्ह उपटला जातो. खरे लिखाण तेव्हा चालू असते. पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकायचा थांबून टर्मिनलमध्ये नवी ओळ आल्याशिवाय हात लावू नये.

या बाबतीत एक नुकसान मी स्वतः सोसले आहे. आदल्या आठवड्यात दिलेली डीडीची आज्ञा वरच्या बाणाची कळ दाबून पुन्हा आणली आणि एंटर दाबले. त्या दिवशी बॅकअपची बाहेरची डिस्क आधी लावलेली होती, त्यामुळे एसडीबी ती झाली होती आणि पेनड्राइव्ह एसडीसी. ही अक्षरे डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने दिली जातात, ती कोणत्याही डिस्कच्या नावावर कायमची नसतात. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत पार्टिशनची नोंद आणि फाइलसिस्टीमची सुरुवात पुसली गेली होती, आणि दोन दिवस खपून जे हाती आले त्यात कित्येक छायाचित्रे नव्हती. तेव्हापासून डीडी वापरताना दुसरी कोणतीही बाहेरची डिस्क मी संगणकाला लावलेली ठेवत नाही आणि आज्ञा दर वेळी नव्याने टाइप करतो. लिनक्सच्या डेव्ह (/dev) या फोल्डरच्या आत डिस्क आणि त्याच्या आत बाय-आयडी असा एक फोल्डर असतो, त्यात प्रत्येक डिस्कचे कंपनी आणि क्रमांकासह न बदलणारे नाव मिळते. ओएफमध्ये ते लांब नाव वापरणे सर्वांत सुरक्षित.

मॅकवर डिस्कयुटिल लिस्टने यादी पाहावी, डिस्कयुटिल अनमाउंटडिस्कने पेनड्राइव्ह सोडवावा आणि मग डीडी वापरावे. तेथे डिस्क२ ऐवजी आरडिस्क२ असे नाव दिले तर लिखाण कितीतरी वेगाने होते. झाल्यावर ही डिस्क वाचता येत नाही असा संदेश येतो, त्यावर इजेक्ट निवडावे. विंडोजवरही असाच, डिस्क फॉरमॅट करा, असा आग्रह होतो. लिनक्सची पार्टिशन विंडोजला वाचता येत नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो. तेथे होकार दिला तर केलेले काम पुसले जाते.

बूट करणे

विंडोज असलेल्या संगणकावर पेनड्राइव्ह लावून नुसते शट डाउन करून पुन्हा सुरू केल्यास अनेकदा उपयोग होत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असते आणि तिच्यामुळे शट डाउन म्हणजे अर्धवट झोपच असते. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करावे किंवा सरळ रीस्टार्ट करावे. फाइली वाचवण्यासाठी लाइव्ह सिस्टीम वापरणाऱ्यांना तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण विंडोज पूर्ण बंद झालेले नसेल तर लिनक्स त्याची डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडते, किंवा उघडायला नकारही देते.

संगणक चालू होताना बूट मेन्यूची कळ दाबत राहावी. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, एसरवर एफ१२, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप आणि मदरबोर्डवर एफ८, तर एमएसआयवर एफ११ असते. कळ दाबायला वेळच मिळत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करावे आणि येणाऱ्या निळ्या पडद्यावर यूज अ डिव्हाइस निवडावे. यादीत पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसले तर यूईएफआय लिहिलेले घ्यावे. इंटेलच्या मॅकवर ऑप्शनची कळ दाबून ठेवायची असते. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक अशा एक्स८६ च्या पेनड्राइव्हवरून बूट होत नाहीत.

सही नसलेला बूटलोडर रोखणारे सिक्युअर बूट बंद करा, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, पण उबंटू, फेडोरा आणि १० व्या आवृत्तीपासून डेबियन यांना त्याची गरज नाही. त्यांचा पहिला बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने सही केलेला असतो. काही नव्या लॅपटॉपवर मात्र फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये मायक्रोसॉफ्टची थर्ड पार्टी किल्ली मान्य करण्याचा पर्याय बंद ठेवलेला असतो. तो चालू केला की सिक्युअर बूट तसेच ठेवूनही काम होते. कोणतीही अशी सेटिंग बदलण्याआधी विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का हे पाहावे. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नये, कारण बदलानंतर विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर आपलीच डिस्क आपल्याला बंद होते.

मेन्यू दिसला पण पुढे पडदा काळाच राहिला, तर तो बहुधा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो, विशेषतः एनव्हिडिया असेल तेव्हा. मेन्यूत सेफ ग्राफिक्स असा पर्याय असल्यास तो घ्यावा. नसल्यास ई ही कळ दाबावी, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी, तिच्या शेवटच्या शब्दांजवळ नोमोडसेट हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावे. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच राहतो. संगणकात रॅम भरपूर असेल तर बऱ्याच वितरणांत याच ठिकाणी टूरॅम हा शब्द देता येतो. मग संपूर्ण सिस्टीम रॅममध्ये चढते, सुरुवातीला वेळ लागतो, पण नंतर सगळे झपाट्याने चालते आणि बहुधा पेनड्राइव्ह काढूनही घेता येतो.

टिकाऊ जागा

पेनड्राइव्हवर स्वतःच्या सेटिंग, वायफायचे पासवर्ड आणि फाइली राखायच्या असतील तर रॅममधल्या थराच्या जागी पेनड्राइव्हवरचे एक पार्टिशन वापरता येते. याला पर्सिस्टन्स म्हणतात. रूफसमध्ये उबंटू किंवा डेबियनची आयएसओ निवडली की पर्सिस्टंट पार्टिशन साइज अशी पट्टी दिसते. ती सरकवून जागा ठरवली की बाकीचे काम रूफसच करतो. नवशिक्यांसाठी हाच मार्ग मी सुचवेन.

हाताने करायचे असेल तर उरलेल्या मोकळ्या जागेत एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीमचे नवे पार्टिशन करावे. त्याला कोणते लेबल द्यायचे हे प्रत्येक वितरणाने आपापल्या परीने ठरवले आहे आणि गोंधळ येथेच होतो. डेबियनला लेबल पर्सिस्टन्स असे हवे, त्या पार्टिशनमध्ये पर्सिस्टन्स.कॉन्फ नावाची फाइल हवी, तिच्यात तिरकी रेघ, एक मोकळी जागा आणि युनियन हा शब्द एवढीच ओळ हवी, आणि बूट करताना पर्सिस्टन्स हा शब्द द्यावा लागतो. उबंटूच्या २०.०४ पासूनच्या आवृत्त्यांना लेबल रायटेबल असे लागते, त्याआधी कॅस्पर-आरडब्ल्यू लागत असे, आणि बूट करताना द्यायचा शब्द पर्सिस्टंट आहे. शेवटच्या एक-दोन अक्षरांचा हा फरक चुकला, तर कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. सिस्टीम निमूटपणे नेहमीसारखी चालते आणि बंद केल्यावर सगळे विसरते. म्हणून पर्सिस्टन्स लागू झाले का हे पाहण्यासाठी डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल करून रीस्टार्ट करावे आणि ती टिकली का ते पाहावे. मगच खरे काम त्यात ठेवावे.

पर्सिस्टन्स असलेला पेनड्राइव्ह पूर्ण इन्स्टॉल केलेल्या सिस्टीमची बरोबरी करत नाही. कर्नल मूळ जागेवरूनच वाचला जात असल्यामुळे त्याचे अपडेट सहसा लागू होत नाही, आणि सगळ्या सिस्टीमचे अपडेट घेतल्यास जुन्या फाइली खाली तशाच राहून वर नव्यांचा थर चढतो, त्यामुळे जागा भराभर संपते. अपडेट हवे असेल तेव्हा नव्या आवृत्तीची आयएसओ घेऊन पेनड्राइव्ह नव्याने लिहिणे बरे. दुसरे असे, की साधे पर्सिस्टन्स कूटबद्ध केलेले नसते. पेनड्राइव्ह हरवला तर सापडणाऱ्याला त्यातले सर्व वाचता येते. गोपनीयतेला महत्त्व असेल तर टेल्स ही लाइव्ह सिस्टीम पाहावी. तिला ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, ती एरवी सगळे विसरते, आणि तिची टिकाऊ जागा पासवर्डने कूटबद्ध असते.

एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीम हव्या असणाऱ्यांसाठी व्हेंटॉय हे साधन आहे. ते पेनड्राइव्हवर एकदा बसवले, की त्यानंतर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करून चालतात, कारण फाइलच्या आत डोकावण्याचे काम व्हेंटॉयचा बूटलोडर करतो. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या वेळी त्याची किल्ली त्या संगणकावर नोंदवावी लागते.

पेनड्राइव्ह पुन्हा साध्या कामाला घ्यायचा झाला, की विंडोजमध्ये तो अचानक काही एमबींचाच दिसतो आणि तो खराब झाला असे वाटते. जागा कोठेही गेलेली नसते, फक्त पार्टिशनची नोंद लिनक्सच्या ठशाची असते. रूफसमध्ये नॉन बूटेबल निवडून स्टार्ट दाबले की पेनड्राइव्ह पूर्ववत होतो. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्कने यादी पाहून, योग्य डिस्क निवडून क्लीन ही आज्ञा दिली आणि मग नवे पार्टिशन करून ते फॉरमॅट केले तरी चालते, मात्र क्लीनही डीडीप्रमाणेच काही न विचारता पुसते, म्हणून एंटर दाबण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार पुन्हा एकदा वाचावा.